लघुतम माप : दहा किलो

खोपटच्या स्टँडवर पहाटे पावणेपाचला
चौबळ साहेब माझ्या आधी हजर.
पायाशी वीस-वीस किलोंची दोन वजनं, गोणपाटात गुंडाळलेली,
आणि कंडक्टरशी वाद सुरू:
"सामान नाही हो हे, प्रमाण आहे."
कंडक्टर लगेजचं तिकीट फाडायचाच.
ते तिकीट घडी करून वरच्या खिशात, व्हाउचरला लावायला.
बाकीची वजनं तिथे मिळतील, म्हणायचे,
पण दोन तरी आपली ओळखीची हवीत.

मी बावीसची. वागळे इस्टेटीत लागून तीन महिने.
पायात कोल्हापुरी.
त्यांनी एकदाच खाली पाहिलं.
"काट्याच्या खड्ड्यात उतरायचंय. बूट घे.
आगाऊ रकमेवर मी सही करतो."

खड्ड्यात आधी ते उतरत.
पान्यानं गर्डरवर तीनदा ठोकत,
साप असलाच तर त्याला कळावं, पाहुणे आलेत.
मग मी, मग बॅटरी, मग शिव्या:
चिखलाला, केबल कुरतडणाऱ्या उंदरांना,
कधी मलाही.
कराडला मी एका कोपऱ्याची वायर उलटी जोडली,
तेव्हा गुळाच्या अडत्यांसमोर जे बोलले
ते मी अजून विसरलेले नाही.
संध्याकाळी भजी मागवली. माफी नाही मागितली.

जालन्याच्या लॉजवर मॅनेजरनं वहीवर पेन आडवं ठेवलं.
"या कोण?"
"इंजिनीअर."
"नाही, तुमच्या कोण?"
"माझ्या कुठे म्हणालो? कंपनीच्या."
खोली एकच होती.
सकाळी सापडले एस.टी. स्टँडच्या बाकावर,
उशाला गोणपाट, डोळ्यांवर मफलर,
एक हात वजनांच्या कडीत अडकवलेला.
व्हाउचरवर मुक्कामाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं,
स्वतःच्या नावापुढे नुसती रेघ.

काम संपलं, शिक्के बसले, की बूट काढून
रिकाम्या काट्यावर मधोमध उभे राहायचे.
"सांग."
मी केबिनमधून ओरडायची, "सत्तर!"
ट्रकसाठी केलेलं यंत्र ते, दहादहानं मोजणारं,
पासष्ट काय नि चौऱ्याहत्तर काय, त्याला सगळं एकच.
"बघ," म्हणायचे, "जेवलो तरी सत्तर, उपाशी तरी सत्तर.
हिशेबाला एवढा दिलदार माणूस सापडायचा नाही."

पुढे मी रबाळ्याला दुसऱ्या कंपनीत गेले.
दोन वर्षं माझा फोन उचलला नाही.
मग एका रविवारी स्वतःच, नमस्कार-चमत्कार काही नाही,
"तुम्ही लोक लोडसेल कुठले वापरता?"

गेल्या डिसेंबरात तुर्भ्याला आले,
ट्रक टर्मिनलच्या मागे मी नवा काटा बसवत होते तिथे.
मुलाच्या गाडीतून, भर दुपारी स्वेटर घालून.
खड्ड्यात वाकून पाहिलं, एक नट हातानं फिरवून पाहिला.
मग बूट काढले. फार वेळ लागला बूट काढायला.
मधोमध उभे राहिले.
"सांग."

पन्नास.
मी साठ म्हणाले.

केबिनच्या काचेकडे बघत राहिले.
मागे एक ट्रेलर हॉर्न वाजवत होता.
"शून्य नीट घेतलं होतंस?"
"घेतलं होतं, सर."
"मग ठीक."

मंगळवारी जवाहरबागेत जुन्या ऑफिसचे आम्ही चौघंच.
खांदा देऊन आलेला शिर्के हात झटकत म्हणाला,
काहीच वजन नव्हतं गं त्यांना.
मी गप्प राहिले.
मला आकडा माहीत होता, दहाच्या पटीत.

तिथूनच कामावर गेले. पार्टी खोळंबली होती.
जवाहरबाग ते तुर्भे, रिक्षा, दोनशे नव्वद.
रात्री व्हाउचर भरताना
प्रवासाचं कारण, असा एक रकाना आला.
पेन टेकवलं. बराच वेळ.
मग रेघ मारली.